टाचदुखी हटता हटत नाही? 'करंटचा शेक' घेण्याआधी एवढं वाचा

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल खाली टेकवलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. दहा-वीस पावलं लंगडत टाकली की जरा मोकळं होतं, कामाच्या नादात दुपार निघून जाते, आणि बांधावर भाकर खाऊन उठलं की पुन्हा तीच कळ. निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, दिवसभर उभं राहून चहा विकणारे, एसटीचे कंडक्टर, गवंडी... गल्लीत चार घरं विचारलीत तर एकात तरी हे दुखणं सापडतंच. साधारण दर दहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी टाच त्रास देते.

अलीकडे तालुक्याच्या गावी याच दुखण्यासाठी 'नस थेरपी', 'करंट थेरपी', 'विना ऑपरेशन टाचदुखीपासून मुक्ती' असे बोर्ड दिसायला लागलेत. मोबाईलवर रील येतात. कुठे मोफत शिबिर लागतं, चार दिवस पायाला मशीन लावून देतात आणि पाचव्या दिवशी तीच मशीन विकत घ्यायला सांगतात. मग प्रश्न येतो, हा करंट खरंच काम करतो का? की नुसतेच पैसे जातात?

आधी थोडक्यात सांगतो. करंट वेदना काही वेळ दाबतो, हे खरं आहे. पण टाचेत जे बिघडलंय ते तो दुरुस्त करत नाही. काही मोजक्या लोकांना नसेवरच्या उपचाराचा खरा उपयोग होऊ शकतो. आणि काही लोकांनी तर ती मशीन पायाला लावूच नये. आपण यातले कोण, हे ओळखणं महत्त्वाचं.

दुखतं ते नेमकं कुठं?

गुराला दाव्याने खुंट्याला बांधलेलं असतं. गुरू दिवसभर हिसके देतं. दावं मधेच सहसा तुटत नाही, झिजतं ते खुंट्याजवळ, गाठीपाशी. आपल्या तळपायात असंच एक दावं आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत गेलेला चिवट पट्टा. पायाची कमान तोच धरून ठेवतो. सतत उभं राहणं, वजन वाढणं, पातळ झिजलेली स्लीपर, घट्ट झालेली पोटरी, यांनी त्याच्यावर ताण येतो आणि तो टाचेच्या हाडापाशी दुखावतो. डॉक्टर याला 'प्लांटर फॅसायटिस' म्हणतात. टाचेच्या तळाला होणाऱ्या दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

रात्री झोपेत पाय सैल पडतो, पंजा खाली झुकतो आणि पट्टा आखडून बसतो. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. घरात सारवलेली जमीन जाऊन टाईल्स आल्या, त्यावर अनवाणी वावरणं टाचेला आणखी जड जातं. (फरशी चांगलीच आहे, पण घरातही मऊ चप्पल घाला.)

एक्स-रेत 'हाड वाढलंय' असं सांगितलं की माणूस घाबरतो. पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते वाढलेलं टोक दिसतं. त्यामुळे टोक आहे म्हणून दुखतंय असं नाही, आणि ते काढलं की दुखणं जाईल असंही नाही.

आणि हो, शेतकऱ्याच्या पायात आणखी एक शक्यता असते, मोडून आत राहिलेला बाभळीचा काटा. एकाच ठिकाणी टोचतंय, दाबलं की जीव जातोय, वर कुरूप धरलंय, तर आधी तो काटा बघून घ्या. काट्यावर कुठलाही करंट चालत नाही.

करंट करतो तरी काय?

गावात 'नस' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. रक्ताची शीर तीही नस, आणि वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारी दोरी तीही नस. इथं आपण दुसऱ्या नसेबद्दल बोलतोय. टाचेचा आणि तळपायाचा निरोप नेणारी मुख्य नस घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागून जाते. म्हणून बऱ्याचदा मशीनची एक पट्टी तिथं आणि दुसरी टाचेजवळ चिकटवतात.

कोपर दाराला आपटलं की आपण काय करतो? चोळतो. चोळल्याने बरं वाटतं. का वाटतं, याचं उत्तर रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की पाठीच्या कण्यात एक फाटक आहे. स्पर्शाचा निरोप जाड तारांतून येतो, वेदनेचा बारीक तारांतून. स्पर्शाचा निरोप जोरात आला की फाटक अर्धवट लागतं आणि वेदना मागे अडकते. मग चोळण्याऐवजी हलका करंट देऊन त्याच जाड तारा जाग्या केल्या तर? दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, वॉल आणि विल्यम स्वीट यांनी माणसांवर हा प्रयोग करून दाखवला. आजची 'टेन्स' मशीन त्यातूनच आली. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात 'आयएफटी' नावाची मशीन असते, ती याच कुळातली. आपल्याकडे दोन्हींना 'करंटचा शेक' म्हणतात, पण त्यात गरम असं काही नसतं.

कल्पना मात्र फार जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधला स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य पायाच्या दुखण्याला समुद्रातल्या विजेच्या माशावर पाय ठेवायला सांगायचा. पाय सुन्न होईपर्यंत.

मशीन नीट लावली तर पायात जोराच्या मुंग्या येतात, पण दुखत नाही. वीस ते तीस मिनिटं पुरतात. 'जास्त ठेवलं की जास्त फायदा' असं काही नसतं. चालू असताना आणि नंतर काही वेळ वेदना कमी वाटते. मशीन बंद केली की फाटक पुन्हा उघडतं.

इथंच खरी मेख आहे. दुखावलेला पट्टा त्या वीस मिनिटांत बरा होत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये छापून आलेल्या एका छोट्या अभ्यासात टाचदुखीच्या सगळ्या रुग्णांना ताण देण्याचे व्यायाम आणि बुटात घालायचा आधार दिला, आणि त्यातल्या निम्म्यांना वरून करंटही दिला. दोन्ही गट सुधारले. करंटवाल्यांना वेगळं, जास्तीचं काही मिळालं नाही. म्हणजे गुण व्यायामाचा होता, नाव करंटचं झालं असतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. वेदनेमुळे व्यायामच करता येत नसेल तर करंट घ्या, वेदना दबली की लगेच व्यायाम करा. नुसता करंट घेऊन घरी जायचं असेल तर ते पैसे चांगल्या चपलेत घाला. एका सिटिंगचे दोनशे धरले तरी दहा दिवसांचे दोन हजार होतात, जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडलेली मजुरी वेगळीच.

दुखणं पट्ट्याचं की नसेचं?

सगळ्याच टाचा पट्ट्यामुळे दुखत नाहीत. कधी नसच दाबली जाते. घोट्याच्या आतल्या बाजूला ती अरुंद वाटेतून जाते, तिथं दाबू शकते. तिची एक बारीक फांदी टाचेखालून जाते, तीही अडकू शकते. कधी तर मूळ दुखणं कमरेत असतं आणि कळ टाचेत येते.

फरक कसा ओळखायचा? पट्ट्याचं दुखणं सकाळच्या पहिल्या पावलाला जास्त असतं आणि थोडं चाललं की कमी होतं. नसेचं दुखणं बहुधा उलट वागतं. उभं राहून, चालून संध्याकाळपर्यंत वाढत जातं, रात्री पडल्या पडल्याही टाच पेटते. आग, मुंग्या, वीज चमकल्यासारखी कळ, बधिरपणा, अशी त्याची भाषा असते. घोट्याच्या आतल्या हाडामागे बोटाने टिचकी मारली आणि तळपायात झिणझिण्या गेल्या, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आणखी एक गोष्ट. तरुण पोरगा, दोन्ही टाचा दुखतात, आणि सकाळी कंबर अर्धा तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली असते, तर तो टाचेचा आजार नसून संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्याला शेक देत बसण्यात वर्षं जातात आणि तोवर मणके आखडत जातात. झाडावरून, छपरावरून पडल्यावर टाच दुखायला लागली, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की असह्य होतं, सूज आहे, ताप आहे, तर आधी एक्स-रे आणि डॉक्टर. मशीन नंतर.

सुन्न पायाला मशीन लावू नका

हा भाग घाईत असलात तरी वाचा. शिबिरात हे सहसा कुणी सांगत नाही.

शुगर जुनी झाली की पायाच्या नसा खराब व्हायला लागतात. पायात आग, टोचणी, मुंग्या येतात, आणि हळूहळू पाय बधिर होतो. अशा माणसाला वाटतं टाचदुखीच आहे. तो करंट घेतो. मुंग्या जाणवत नाहीत म्हणून बटण वाढवत नेतो. चामडी भाजते आणि त्याला कळतही नाही. रुईचं पान तापवून किंवा विटेचा शेक देतानाही हेच होतं. फोड येतो, जखम चिघळते, आणि शुगरवाल्याची पायाची जखम म्हणजे बोट किंवा पाय काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

पाय बधिर आहे का, हे घरात दोन मिनिटांत तपासता येतं. आजोबांना डोळे मिटून झोपवा. तुम्ही तुमच्या बोटाच्या टोकाने त्यांच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, यांच्या टोकांना एकेक करून अगदी हलका स्पर्श करा. एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, घासायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं झाली. स्पर्श कळला की त्यांनी 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झालेली असण्याची दाट शक्यता आहे. मग करंट, गरम पाण्याची पिशवी, वीट, सगळं बंद, आणि दवाखाना गाठा. तिशी ओलांडलेल्यांची शुगर गावातल्या आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात. टाच दुखते म्हणून गेलात तरी ती तपासून घ्याच.

दुसरा आजार बोलायला लोक लाजतात, म्हणून मुद्दाम लिहितो. कुष्ठरोग. चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात त्याचे रुग्ण आजही सापडतात. हा रोग नसांवरच बसतो, आणि घोट्याच्या आतून जाणारी जी नस आपण वर पाहिली, ती त्याच्या आवडत्या नसांपैकी एक. तळपाय बधिर, चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही, अंगावर फिक्कट किंवा लालसर चट्टा आहे आणि त्यावर टोचलेलं समजत नाही, अशी लक्षणं असतील तर आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं असतं, आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर केला तर रोग बरा होतो पण मेलेली नस परत येत नाही.

छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी करंटच्या मशीनपासून लांबच राहायचं. फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायची नाही. जखमेवर, भेगाळलेल्या, रक्त येणाऱ्या टाचेवर पट्टी चिकटवायची नाही. मशीन लावून झोपायचं नाही. आणि कुणी 'जुगाड' करून थेट बोर्डाच्या पिनवर चालणारं काही बनवून देत असेल, तर त्याला हात जोडा.

मग खऱ्या हट्टी टाचेचं काय?

बहुतेक टाचा साध्या उपायांनी वर्षभरात बऱ्या होतात. वर्ष हा शब्द वाचून निराश होऊ नका, सुधारणा आधीच सुरू होते. पण सहा महिने नीट, रोज उपाय करूनही जिथल्या तिथंच आहे, तर तिला हट्टी म्हणायचं. सहा महिन्यांत तीनदा व्यायाम केला त्या टाचेला नाही!

अशा टाचेसाठी 'शॉकवेव्ह' असते. नावाने घाबरू नका, यात विजेचा झटका नाही. दाबाच्या लाटा बाहेरून टाचेवर मारतात. बऱ्याच जणांना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने काही आठवडे छान वाटतं. पण वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा, टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, आणि शुगर काही दिवस वाढते. म्हणून 'दर दोन महिन्याला एक' असं चालू असेल तर थांबा आणि विचारा.

नसेवरचे पुढचे उपचार मोठ्या शहरांतल्या वेदना-तज्ज्ञांकडे मिळतात. एकात सुईतून नसेजवळ ठराविक लहरी सोडतात. तापमान ४२ अंशांच्या आत ठेवतात, म्हणजे नस जाळत नाहीत, तिचा निरोप मंदावतात. दुसऱ्यात नसेजवळ केसासारखी बारीक तार बसवतात आणि बाहेरच्या छोट्या यंत्राने रोज करंट देतात. एका प्रकारात ही तार साठ दिवसांनी काढून टाकतात. टाचदुखीसाठी या उपचारांचा अनुभव अजून थोड्याच रुग्णांवरचा आहे आणि खर्च मोठा आहे. दुखणं नसेचंच आहे अशी खात्री झालेल्या, बाकी सगळं करून थकलेल्या माणसाने याचा विचार करावा. पहिल्याच भेटीत कुणी हे सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

गंमत म्हणजे घोट्याजवळच्या याच नसेला सुईतून करंट देऊन लघवी न रोखता येण्यावर उपचार करतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे. म्हणजे नसेला करंट देणं हे थोतांड नाही. कुठल्या दुखण्याला, कुणी, कसं दिलं, यावर सगळं आहे.

फुकटचं औषध

सकाळी अंथरुणातच करायचं. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने बोटं नडगीकडे मागे ओढा, तळव्यातला पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. दहा मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, मगच पाय खाली ठेवा. दिवसातून तीन वेळा. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, अशी पोटरीही अर्धा मिनिट ताणा.

पंधरा दिवसांनी दुसरा व्यायाम जोडा. पायरीच्या कडेवर दुखऱ्या पायाचा पंजा ठेवून, भिंतीचा आधार घेऊन उभे राहा. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. तीन मोजत टाच वर, दोन मोजेपर्यंत थांबा, तीन मोजत खाली. बारा वेळा, एक दिवसाआड. सोपं जायला लागलं की पाठीवर पोराचं दप्तर पुस्तकांसकट घ्या. डेन्मार्कमध्ये हा व्यायाम दप्तर लावूनच करून घेतला होता. २०१४ च्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी हे लोक नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा पुढे होते, वर्षअखेरीला मात्र दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे फायदा लवकर बरं होण्यात आहे, आणि वेचणीच्या हंगामात तोच महत्त्वाचा. उभं राहता येत नसेल, तोल जात असेल तर आजी-आजोबांनी हा व्यायाम एकट्याने करू नये.

फिजिओथेरपिस्टकडे जायचंच असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला विचारा. बहुतेक ठिकाणी हा विभाग असतो. खासगीत गेलात तर पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा, 'माझं दुखणं पट्ट्याचं की नसेचं, आणि ते कशावरून ठरवलं?' उत्तर देताना त्यांनी तुमच्या टाचेला, घोट्याला हात लावून बघितलं नसेल तर पैसे खिशातच ठेवा. मशीन लावून ते बाहेर निघून जातात आणि एकही व्यायाम शिकवत नाहीत, तर दुसरीकडे जा.

आणि आजपासून पोराच्या जुन्या वहीत एक पान धरा. रोज सकाळी पहिल्या पावलाची कळ दहापैकी किती, एवढा एकच आकडा लिहायचा, बाजूला व्यायाम केला की नाही त्याची खूण. सहा आठवड्यांनी ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. आकडा आठवरून पाचवर आला असेल तर चाललंय तेच चालू ठेवा. आठ तो आठच असेल, किंवा मधेच बधिरपणा सुरू झाला असेल, तर नस तपासायला सांगा.